रुग्णाचा पूर्वेतिहास

केसपेपर लिहिताना डॉक्टर रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतात. पूर्वी कोणते आजार झाले, कोणती औषधे घेतली, इत्यादी. रुग्ण ज्या समाजातून आला, त्या समाजाला दवाखान्यांचा काय अनुभव आला, हे मात्र त्या कागदावर कुठेच येत नाही. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मिगमॉ या मूळनिवासी समाजाचा इतिहास वाचताना ही उणीव मला प्रकर्षाने जाणवली. मी वैद्यकाचा पदवीधर नाही; जुने अहवाल वाचण्याचा नाद एवढेच माझे भांडवल.

या समाजाची तक्रार जुनी आहे. फ्रेंच जेझुइट पाद्री पिएर बियार यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात ती नोंदवली. फ्रेंचांशी संबंध आल्यापासून आपली माणसे भराभर मरत आहेत, असे मिगमॉ लोक म्हणत होते.

पुढे नोव्हा स्कोशियात शुबेनाकेडी येथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. ती १९३० ते १९६७ चालली. मुलांना घरापासून, मायबोलीपासून तोडणे हे अशा शाळांचे धोरणच होते. १९४८ ते १९५२ या काळात देशातील अशा सहा शाळांमध्ये सरकारी आहारतज्ज्ञांनी सुमारे एक हजार मुलांवर प्रयोग केले. शुबेनाकेडी त्यांपैकी एक. तेथे काही मुलांना क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर काहींना नुसत्याच दिखाऊ. हिरड्यांवरील परिणाम नीट मोजता यावा म्हणून या शाळांतील मुलांचे काही दंतोपचारही रोखून धरले. पालकांची संमती घेतली नव्हती. इतिहासकार इयन मॉस्बी यांनी २०१३ मध्ये हे सारे उजेडात आणले. या मुलांच्या नातवंडांनी दवाखान्यात जाताना कचरावे, यात नवल ते काय? त्याला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही, ती आठवण आहे.

अशा आठवणीवर उपाय कोणता? त्याला नाव मिळाले ते न्यूझीलंडमध्ये. १९८८ साली क्राइस्टचर्चच्या एका सभेत एका माओरी विद्यार्थिनी परिचारिकेने विचारले, की तुम्ही कायदेशीर सुरक्षिततेविषयी बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी त्या प्रश्नाचे शास्त्र केले आणि १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने ते अभ्यासक्रमासाठी स्वीकारले. त्याचे सूत्र साधे आहे. परक्यांच्या चालीरीती पाठ करणे पुरेसे नाही. आपल्या हाती असलेली सत्ता आणि आपले पूर्वग्रह आधी ओळखायचे. सेवा सुरक्षित होती की नाही, हे मात्र रुग्णच ठरवणार.

मिगमॉंनी या विचारात आपली भर घातली. एस्कसोनी येथील ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये ‘दोन डोळ्यांनी पाहणे’ ही कल्पना मांडली. एका डोळ्याने मूळनिवासी ज्ञानातले बळ पाहायचे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानातले, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या भल्यासाठी एकत्र वापरायचे. रुग्णालयात याचा अर्थ अगदी व्यवहारी होतो: मायबोलीत समजावणारा माणूस हवा, खाटेभोवती जमलेल्या गोतावळ्याला जागा हवी, सुगंधी गवताच्या धुरीची सोय हवी.

कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. चोविसावी अशी, की वैद्यकीय व परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने निवासी शाळांचा इतिहास शिकावा. त्यानंतर पाचच वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२० रोजी, क्वेबेकमधील जोलिएट येथे अतिकामेक समाजाच्या जॉइस इशाक्वान रुग्णालयात मरण पावल्या. सात मुलांची ही आई. खाटेवरून त्यांनी फोनवर थेट प्रक्षेपण केले, त्यात कर्मचाऱ्यांचे अपमानास्पद बोल साऱ्या देशाने ऐकले. हा मृत्यू टाळता आला असता आणि त्यात वंशभेदाचा वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला.

शिफारस कागदावर होती, खाटेपर्यंत पोहोचली नव्हती. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारताना त्याच्या समाजाचाही विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे, एवढे तरी त्या कागदात यायला हवे.