फ्लॉवरच्या नावातच महिना होता

कार्तिक सरला, सकाळी पानावर दव दिसायला लागलं. भाजीच्या तुकड्यात आता फ्लॉवरची निगा सुरू. पण आज खत-औषध बाजूला ठेवून या पिकाचा इतिहास सांगतो, कारण "गड्डा का धरला नाही" याचं उत्तर बऱ्याचदा त्यातच सापडतं.

कोबी हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांमुळं आला, बटाट्यासारखाच. फ्लॉवर आला इंग्रजांच्या मागून, म्हणून नाव अजून इंग्रजीच. 1822 साली क्यू बागेतले डॉ. जेमसन यांनी त्याचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आणलं, अशी नोंद आहे.

पीक मूळ थंड मुलखाचं. आपण खातो तो गड्डा म्हणजे उमललेलं फूल नव्हे, फुलाच्या आधीची अवस्था. हवा तेवढा गारवा लागला की शेंडा पानं काढायचं थांबतो आणि गड्डा धरतो. गारवा नाही मिळाला तर नुसता पाला वाढतो.

मग उत्तरेतल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी काय केलं? उकाड्यातही ज्या झाडानं गड्डा धरला, त्याचंच बी राखलं. पिढ्यानपिढ्या हेच केलं. शंभरेक वर्षांत विलायती पिकाचा देशी फ्लॉवर तयार झाला. त्याच्या जातींना नावं दिली महिन्यांची: कुवारी म्हणजे आश्विनातली, कातकी कार्तिकातली, अगहनी मार्गशीर्षातली, मग पुसी पौषातली आणि माघी. नाव ऐकलं की काढणी कधी ते कळायचं. हे काम करणाऱ्यांची नावं मात्र कुठं लिहिलेली नाहीत.

उशिराच्या स्नोबॉल जातीची गोष्ट वेगळी. गड्डा पांढराशुभ्र, घट्ट, पण मैदानात तिचं बी धरत नाही, त्याला डोंगराळ भागातली थंडीच लागते. हे बी परदेशातून यायचं. दुसऱ्या महायुद्धात ती वाट अडली, तेव्हा 1942-43 मध्ये क्वेट्टा इथं थंड हवेच्या भाज्यांचं बी तयार करायला सुरुवात झाली. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेलं. मग 1949 मध्ये कुलू खोऱ्यात कटराईनला केंद्र उभं राहिलं. पुढं ते भारतीय कृषी संशोधन संस्थेकडं आलं.

आता आपल्या कामाचं. लवकरच्या जातींना गड्डा धरायला साधारण 20 ते 27 अंश चालतात, मधल्या हंगामाच्या जातींना 16 ते 20, स्नोबॉलला 10 ते 16. लवकरची जात ऐन थंडीत सापडली की झाड लहान असतानाच सुपारीएवढा गड्डा धरतं आणि तिथंच थांबतं. स्नोबॉल उन्हात सापडली तर पाला. रोप जुनं झालेलं असलं किंवा नत्र कमी पडलं तरी बारीक गड्डा येतो, ते आधी तपासा. पण जातच चुकीच्या महिन्यात लावली असेल तर वरून कितीही टॉनिक मारा, उपयोग नाही.

आपल्या पठारावर रात्र गार झाली तरी दुपार तापते. म्हणून उत्तरेचं वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. आजच्या पाकिटावर नंबर असतो, महिना नसतो. दुकानदार "बारमाही चालतं" म्हणाला तर थेट विचारा, गड्डा धरायला किती तापमान लागतं आणि लागणीपासून काढणी किती दिवसांत. पाकीट आणि पावती जपून ठेवा.

ज्यांचा गड्डा आता दिसायला लागलाय त्यांनी बाहेरची दोन-तीन पानं मोडून वर झाकण करा, नाहीतर उन्हानं पिवळा पडतो. पाणी तुटू देऊ नका. आणि वहीत तीन गोष्टी लिहा: जात, लागणीची तारीख, गड्डा दिसल्याची तारीख. जुन्या लोकांनी महिना नावात ठेवला होता, आपल्याला तो वहीत ठेवावा लागेल.

तुमच्या भागात कोणत्या महिन्यात कोणती जात चालते, तेही कळवा. शेजाऱ्याच्या कामी येईल.