इंदिरानगरच्या गच्चीवरून तेजोमेघ

बंगळुरूचं इंदिरानगर १९७०च्या दशकात आखलं गेलं, तेव्हा ती बंगल्यांची शांत वसाहत होती. आता हंड्रेड फीट रोडवरच्या दुकानांचा आणि पबांचा उजेड मध्यरात्रीनंतरही आकाशात साठून राहतो. अशा ठिकाणी साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने फिकट तेजोमेघांचे फोटो काढायचे म्हटलं, की दोन आक्षेप हमखास येतात: त्याला मोठी दुर्बीण लागते, आणि शहराबाहेर जावं लागतं. पहिल्या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही आणि दुसरा अर्धाच खरा आहे. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत भिंगाच्या दुर्बिणींपैकी त्या काळातली जगातली सर्वांत मोठी, ३६ इंची दुर्बीण होती. पण तिथल्या एडवर्ड बर्नार्डने १८८९ पासून आकाशगंगेची छायाचित्रं काढली ती पोर्ट्रेट स्टुडिओसाठी बनवलेल्या सहा इंची भिंगाने. लहानपणापासून फोटो स्टुडिओत नोकरी केलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. मृग नक्षत्राला वेढणारं अतिफिकट वलय खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगने १८८९ मध्ये एका छोट्या भिंगाने टिपलं होतं. बर्नार्डने १८९४ मध्ये ते टिपलं तेव्हा त्याच्या हाती मॅजिक लँटर्नचं, म्हणजे जुन्या काळच्या प्रोजेक्टरचं, दीड इंची भिंग होतं. कारण सरळ आहे. पसरट वस्तूची प्रतिमा किती उजळ उमटेल हे भिंगाच्या आकारापेक्षा त्याच्या एफ-नंबरवर, म्हणजे केंद्रांतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर, ठरतं, आणि मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम एक तुकडा मावतो. आजच्या साध्या कॅमेऱ्यावरच्या ५० मिमी लेन्समध्ये मात्र अख्खं मृग बसतं.

शहरातल्या उजेडाचा प्रश्न सोडवायला आपल्याला पुण्याकडे वळावं लागतं. तिथल्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा तपासली आणि १८९१ च्या सुमारास तिच्यावर लिहिलं. ही रेषा मॅग्नेशियमची, असं खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांचं म्हणणं होतं. नायगमवालांना ती तशी दिसली नाही, रेखीव आणि एकटी दिसली. ती आयनीभूत ऑक्सिजनची आहे हे भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने १९२७ मध्ये उलगडलं. आज शहरी छायाचित्रकार लेन्सवर जे दुहेरी फिल्टर लावतात, ते ५००.७ नॅनोमीटरची ही रेषा आणि हायड्रोजनची ६५६.३ ची लाल रेषा आत सोडतात आणि बाकीचा बहुतेक उजेड अडवतात. नायगमवाला निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, पुण्याची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची ती वेधशाळा आज ज्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे, तिचं मुख्यालय इंदिरानगरपासून जवळच, कोरमंगलात आहे.

यावर कोणी म्हणेल, गच्चीवरून असा काढलेला फोटो हा फोटो नव्हेच, शेकडो फ्रेम एकावर एक रचून संगणकाने बनवलेलं चित्र आहे. पण हेन्री ड्रेपरने १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र काढलं, तेव्हा छायाचित्रणाची काच ५१ मिनिटं उघडी ठेवली होती. डोळा इतका वेळ प्रकाश साठवू शकत नाही, म्हणून ती काच कुणी खोटी ठरवली नाही. फ्रेम रचण्यातही साठवणंच आहे: शंभर फ्रेम घेतल्या, की गोंगाटाच्या तुलनेत खरा प्रकाश दहापट वर येतो. उलट बाजूने येणारा आक्षेप मात्र गंभीर आहे. फिल्टर आहे, मग अंधार हवाच कशाला? सोडियमचे जुने पिवळे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास जळत, त्यांना चाळून काढणं सोपं होतं. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर आलेले पांढरे एलईडी मात्र सगळ्या रंगांत प्रकाशतात, त्यामुळे फिल्टरच्या फटीतूनही त्यांचा थोडा उजेड आत येतोच. शिवाय कृत्तिकांभोवतीची निळी धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते. त्या प्रकाशाला स्वतःची वेगळी रेषा नाही, म्हणून त्याच्यासाठी असा फिल्टर बनणं शक्यच नाही. बर्नार्डने नोंदवलेले काळे मेघ तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरच ओळखू येतात. आकाश धुरकट पांढरं झालं की ते पुसलेच जातात. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंनी १९६० च्या दशकात वेधशाळेसाठी जव्वादी डोंगरातलं कावलूर निवडलं आणि महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, त्यात अंधाराचा वाटा आहे. फिल्टरने इंदिरानगरला आकाशाचा एक भाग परत दिला. उरलेला हवा असेल तर तिथल्या रहिवाशांनी आपापल्या गच्चीवरच्या आणि फाटकावरच्या दिव्यांना आधी झाकणं बसवावीत, उजेड खाली पडेल अशी.