घोड्यांच्या पितळी घंटा आणि ओतारी कारागीर : चाकूर–माळेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
लातूर–नांदेड मार्गावर चाकूर व अहमदपूर ओलांडल्यानंतर लोहा तालुक्यातील माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य पक्षात भरणारी येथील खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. खंडोबा हा अश्वारूढ देव असल्याने घोडा येथे व्यापाराइतकाच श्रद्धेचाही विषय ठरतो. घोड्याच्या गळ्यातील पितळी घंटा व घुंगूरमाळ मात्र इतिहासलेखनात उपेक्षित राहिली. ती घडविणाऱ्या कारागिरांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओतकामाचे तंत्र :
कल्याणीचा (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची पद्धत वर्णिली आहे. घुंगरूही याच तत्त्वावर घडविता येते. लोखंडी गोळीभोवती मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर व बाहेरून पुन्हा माती अशी रचना करतात. साचा भाजताना मेण वितळून जाते व त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. पुढे फटीतून माती कोरून काढली की आतील गोळी मोकळी होते आणि घुंगरू वाजू लागते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांना उकळते. त्यामुळे जस्त घालण्याची वेळ चुकल्यास ते धुरावाटे उडून जाते. भट्टीच्या रंगावरून ही वेळ ओळखणे हेच कारागिराचे खरे ज्ञान होय.

कारागीर आणि मागणी :
ठोककाम तांबटाचे, विक्री कासाराची व ओतकाम ओताऱ्याचे, अशी सर्वसाधारण विभागणी होती. खोगीर जिनगर करीत. मराठा सैन्यातील शिलेदार घोडा व साज स्वखर्चाने आणीत असल्याने साजाची मागणी सरकारी कारखान्यांपुरती मर्यादित नसावी. १७६० मध्ये उदगीरची लढाई झाली, तो हाच प्रदेश. पुढे हिंगोलीच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ असे. १९०३ मध्ये हे दल भारतीय सैन्यात विलीन झाले. त्यानंतर मोटारींचा प्रसार होत गेला. मिरवणूक, टांगा व यात्रा एवढ्यापुरताच घोड्याचा साज उरला.

पुराव्याचा प्रश्न :
घरातील भांड्यांवर मालकाचे नाव कोरले जाई, घडविणाऱ्याचे नव्हे. घंटेवर बहुधा दोन्ही नावे नसतात. शिवाय जुने पितळ मोडीत देऊन नवे घेण्याची रीत असल्याने एका पिढीची घंटा पुढच्या पिढीच्या भट्टीत वितळली. परिणामी ज्या कारागिराने वस्तू घडविली, त्याच्याच व्यवसायाने तिचा पुरावा नष्ट केला.

निष्कर्ष :
या कारागिरांचा इतिहास कागदपत्रांतून अल्प, तर वस्तूंतून अधिक मिळू शकतो. घंटेचे वजन, फटीचा आकार, आत उरलेली माती आणि वस्तू ज्या घरात सापडली त्या घराची माहिती यांची नोंद होणे आवश्यक आहे. गाव व घर यांचा संदर्भ तुटून घंटा शोभेची वस्तू म्हणून विकली गेली की तिचे मोल वाढते. परंतु तिची साक्ष संपते. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम यात्रेपासूनच आरंभावे.