कृत्रिम पाय आणि कायद्याचें कलम

अमेरिकेंतील यादवी युद्ध ऐन भरांत असतां, १८६२ सालीं, तेथील संघसरकारनें जखमी सैनिकांच्या कृत्रिम हातापायांसाठीं १५,००० डॉलर मंजूर केले. देशासाठीं अवयव गमावणाराचें राष्ट्र ऋणी असतें, हें तत्त्व त्यायोगें मान्य झालें. परंतु कारखान्यांत किंवा मधुमेहानें पाय गमावणाऱ्या साध्या नागरिकाचें काय?

त्याला बहुधा खासगी विम्याचाच आधार उरला. विमा कंपनी पाय कापण्याचा खर्च देई; नवा पाय देतांना मात्र तिचा हात आंखडे. कोठें वर्षाकाठीं ठराविक रक्कम, तर कोठें उभ्या जन्मांत एकच अवयव! वाढत्या मुलाचा पाय तर पाहतां पाहतां आंखूड पडतो.

अखेर अवयव गमावलेल्यांनींच चळवळ उभारली. त्यांनीं दया मागितली नाहीं. मागितलें तें समान माप. मेडिकेअर या १९६५ च्या सरकारी योजनेंत वृद्धांस जें मिळतें, तितकें खासगी विम्यानेंहि द्यावें, असा कायदा २००० सालीं कोलोराडो राज्यानें प्रथम केला. २००६ मध्यें मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया यांनींहि असे कायदे केले. २०२२ मध्यें मेन राज्यानें मुलांच्या खेळण्याधांवण्याच्या पायाचाहि त्यांत समावेश केला.

तथापि जेथें मालक नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतःच सोसतो, तेथें १९७४ च्या मध्यवर्ती कायद्यामुळें राज्यांचें हें कलम लागू पडत नाहीं. सैनिकाला जें ऋण म्हणून मिळालें, तें नागरिकाला हक्क म्हणून मिळण्यास १३८ वर्षें लागलीं. आणि तेंहि सर्वांस नव्हे.