ज्येष्ठांचे बक्षीसपत्र
राहते घर मुलांच्या नावे करून देणाऱ्या ज्येष्ठांना 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याचे कलम 23 संरक्षण देते. सांभाळाच्या अटीवर घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. कल्याण-डोंबिवलीकरांनी त्यासाठी कल्याणच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. अशी अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा खटल्यात (2022) ठरवले. ऊर्मिला दीक्षित खटल्यात (2025) मात्र कायद्याचा उदार अर्थ लावला. तरीही पुराव्याचा वाद नको म्हणून ‘देणाऱ्याचा आजन्म सांभाळ करावा’ हे वाक्य दस्तातच हवे. नोंदणी कार्यालयात अंगठा उमटवण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. याच कायद्याने चरितार्थाची रक्कम दरमहा 10,000 रुपयांवर रोखली आहे. आजच्या औषधखर्चापुढे ती तुटपुंजीच.