खिंड, घाट आणि बाईची सायकल

आज आपण बायकांच्या सायकल शर्यतीचा इतिहास ऐकणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात शर्यतीचं काय काम, असं काही ताई म्हणतील. पण बाईने सायकलवर किती लांब जायचं, किती उंच चढायचं आणि तिच्या घामाचं मोल किती, हे शंभर वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

आधी टप्प्यांची शर्यत म्हणजे काय ते पाहू. ती एका दिवसात संपत नाही. रोज एक टप्पा, कधी सपाटीचा, कधी घाटाचा. रोजचा वेळ लिहायचा आणि शेवटी बेरीज करायची. जिचा एकूण वेळ कमी, ती जिंकली. एखाद्या महिन्यात मोठी रक्कम भरून पुढे हप्ते चुकवले तर गट चालत नाही, तसंच हे. आणि शर्यतीत संघही असतो. पुढे चालवणारीला वाऱ्याचा मार बसतो, मागे चिकटून येणारीला कमी जोर लागतो. म्हणून संघातल्या बाया आळीपाळीने पुढे राहतात आणि चांगली चढणारी जी असेल तिला घाटापर्यंत ताजी ठेवतात. नाव एकीचं होतं, पाय सगळ्यांचे झिजतात.

आता १९२४ सालच्या इटलीत जाऊ. तिथे पुरुषांची मोठी टप्प्यांची शर्यत भरते, जिरो द इटालिया. त्या वर्षी नावाजलेले सायकलपटू पैशाच्या वादामुळे आले नाहीत, आणि आल्फोन्सिना स्त्रादा नावाच्या बाईला संधी मिळाली. ती गरीब शेतमजुराच्या घरची. १२ टप्पे, ३,६०० किलोमीटरहून जास्त वाट, रस्ते कच्चे. एका टप्प्यात पाऊस-वाऱ्यात तिच्या सायकलचं हँडल मोडलं. तिने झाडूचा दांडा बसवला आणि पुढे निघाली. वेळेची मर्यादा चुकली म्हणून तिचं नाव निकालातून काढलं, पण लोक तिलाच बघायला यायचे, त्यामुळे पुढे चालवायची परवानगी मिळाली. निघाले होते ९० जण. शेवटपर्यंत पोचलेल्या पुरुषांची संख्या ३०. आणि आल्फोन्सिनाही मिलान शहरात पोचली. पुढच्या वर्षी मात्र तिला प्रवेश मिळाला नाही. जमत नाही म्हणून नव्हे, जमवून दाखवल्यावरही दार बंद झालं, हे लक्षात ठेवा.

फ्रान्समधली टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात नावाजलेली सायकल शर्यत. तिथे बायकांसाठी अनेक टप्प्यांची शर्यत १९८४ मध्ये सुरू झाली. १८ टप्पे होते, आल्प्सचे घाटही होते. अमेरिकेची मेरियन मार्टिन जिंकली. तिला बक्षीस मिळालं सुमारे १,००० डॉलर, तर पुरुष विजेत्याला एक लाखाच्या वर. १९८९ नंतर ही शर्यत बंद पडली. पुढे वेगळ्या नावांनी काही शर्यती झाल्या, पण टूरच्या नावाची शर्यत परत यायला २०२२ साल उजाडलं. मध्ये गेली ३३ वर्षं. त्या वर्षी नेदरलँड्सची आनेमिक फान फ्लुटेन जिंकली, वय ३९. सुरुवातीच्या टप्प्यांत पोट बिघडून ती मागे पडली होती. डोंगराचा टप्पा आला तेव्हा एकटीच पुढे निघून गेली. बक्षीस ५०,००० युरो, पुरुषांना ५,००,०००. फरक कमी झाला, संपला नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपलं नाशिक सायकलीचं गाव म्हणून ओळखलं जातं. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ करून पूर्ण केली. आणि महाराष्ट्राच्या बाईने काय केलं? जून २०२२ मध्ये पुण्याच्या प्रीती मस्के लेहहून मनालीला एकट्या सायकलवर गेल्या. वय ४५, दोन मुलांची आई. ४३० किलोमीटर, ५५ तास १३ मिनिटं. ही टप्प्यांची शर्यत नव्हती, घड्याळाशी लावलेली पैज होती. त्यामुळे रात्रीची झोपही घड्याळातच मोजली जात होती.

ती उंची किती, याचा अंदाज घ्या. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी खिंड वर उरते. तिथे एका श्वासात समुद्राकाठच्या मानाने साधारण निम्माच प्राणवायू मिळतो. सपाटीवर सहज फिरणारं पायडल तिथे जड होतं, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून आधी काही दिवस वर राहून शरीराला सवय लावावी लागते. नुसती हिंमत पुरत नाही, तयारी लागते आणि मागे माणसं लागतात.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी लेहला जायचं नाही. पण सायकलने बाईचं काय बदलतं ते तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवलंय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहिमेसोबत हजारो बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला, माल स्वतः बाजारात नेता आला, नवऱ्याला ‘सोडायला चला’ म्हणायची गरज उरली नाही.

आपल्या सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. पण गटांच्या बैठकांत आम्ही पाहतो, पुष्कळ घरी ती सायकल भाऊ वापरतो, नाहीतर पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली असते. मुलगी चालत जाते, आणि दहावीनंतर जायचीच थांबते. इटलीतलं दार मंडळाने बंद केलं होतं. इथलं दार आपल्याच उंबऱ्यावर आहे, आणि कडी आपल्या हातात आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक प्रश्न विचारा: गावात किती मुलींना सायकल मिळाली आणि आज त्यातल्या किती मुलीच चालवतात? आकडा वहीत लिहा. पंक्चरचा डबा आणि हवेचा पंप गटाच्या पैशातून घ्या, आणि मुलींना पंक्चर काढायला शिकवा. ज्या ताईंना शिकायचं राहिलं असेल त्यांनी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यावं. हसणारे दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरची सून रांगेत उभी असेल.