डॉक्टर केगलची तबकडी

दीड महिन्यापूर्वी काकांच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. नळी निघाली, पण खोकला आला की लघवी होते. डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम सांगितलेत. अ‍ॅप एकदम सोपं. गोल मोठा झाला की आवळा, लहान झाला की सोडा. काकांनी महिनाभर एक दिवस चुकवला नाही. फरक? शून्य.

मग सवयीप्रमाणे मी खोदकाम सुरू केलं.

आवळण्याची ही क्रिया आपल्याकडे जुनीच, मूलबंध. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत ती आहे. टाचेने गुदाच्या पुढच्या भागावर दाब द्यायचा आणि मग आकुंचन करायचं. टाच ठेवली की नेमकी जागा कळते, हे मला फार आवडलं.

आधुनिक वैद्यकात हा व्यायाम गाजवला अरनॉल्ड केगल या लॉस एंजेलिसच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने, 1948 साली. बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या बायकांसाठी. आज 'केगल' म्हणजे दिवसातून इतक्या वेळा आवळा-सोडा, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण केगलने व्यायामासोबत एक यंत्रही दिलं होतं, पेरिनिओमीटर. योनीत ठेवायचा हवेचा फुगा आणि नळीने त्याला जोडलेली दाब दाखवणारी तबकडी. बरोबर स्नायू आवळला की काटा हलणार. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप!

पुढे व्यायाम जगभर पसरला, तबकडी मात्र मागे पडली. राहिल्या तोंडी सूचना. 1991 साली अमेरिकेत 47 बायकांना थोडक्यात तोंडी सांगून त्यांचं आकुंचन मोजलं. जेमतेम निम्म्यांना नीट जमलं, आणि पाव जणी तर उलट त्रास वाढेल असा जोर लावत होत्या.

पुरुषांचं काय? 2000 साली बेल्जियममधल्या लूव्हेन इथे प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती होणाऱ्या 102 पुरुषांवर अभ्यास झाला. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी 88 टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले, दुसऱ्या गटात 56 टक्के. वर्षभराने हा फरक बराच कमी झाला, हेही खरं. 2011 च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात तर वर्षाअखेर फरक दिसलाच नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण लवकर कोरडं होणं म्हणजे काय, ते बनियनच्या कपाटात पॅड लपवणाऱ्या माणसाला विचारा.

शेवटी काकांना फिजिओथेरपिस्टकडे नेलं. दोन मिनिटांत निदान झालं. काका श्वास रोखून पोट आणि कुल्हे आवळत होते! "वारा सरू नये म्हणून जे आवळता ना, तेवढंच. पोट ढिलं, श्वास चालू," असं तिने सांगितलं आणि हात लावून तपासलंही. घरी येताना काका म्हणाले, "अरे, हे आधी कोणाला विचारायची लाजच वाटली. मोबाईलला लाज वाटत नाही."

तिथेच सगळं आलं. अ‍ॅप वेळेवर आठवण करतं, मोजतं, शाबासकीही देतं. पण काटा हलला की नाही ते त्याला कळत नाही. काकांचं साधं अ‍ॅप म्हणजे तबकडी काढून घेतलेला केगल.

अ‍ॅप अजून त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, गजर म्हणून. बाकी काम माणसाचं. असो. तुमच्या घरात कोणी गप्प बसून आवळत असेल, तर एकदा विचारा बुवा.